दोन बोटं माया

मास्टरांनी ब्लेडच्या टोकाने काखेखालचा एक टाका उचलला, तोडला, मग पुढचा. कोट नवाकोरा होता, त्यांच्याच मापाचा आणि त्यांच्याच लेकीने शिवलेला. अंगात घालून आरशासमोर उभं राहिलं की स्वतःलाच अहो-जाहो करावंसं वाटावं इतका झकास बसत होता. फक्त हात वर केला की काखेत धरत होता. त्यात काय एवढं. शिवण उसवायची, आतली माया थोडी सोडायची, परत टीप मारायची. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांना त्यांनी हेच तर केलं होतं. त्यांनी अस्तर बाजूला सारलं, शिवणीत बोट घातलं, आणि बोट तिथेच थांबलं.

आत काहीच नव्हतं. टीप धरून राहील एवढी कापडाची कड, बस.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला माया म्हणतात, आणि मायेच्या बाबतीत मास्टरांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीचे कटर बोटभर ठेवत, हे दोन बोटं ठेवत. लग्नात काडीसारखा असलेला गडी पोट सुटल्यावर तोच कोट घेऊन लाजत लाजत दुकानात यायचा आणि हवा तेवढा सैल करून घेऊन जायचा. "आमच्या मास्टरांचा कोट माणसाबरोबर वाढतो," असं मालक गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. कापडाची नासाडी होते म्हणून तेच मालक मागच्या खोलीत कुरकुरत, ती गोष्ट वेगळी.

आणि कापडाचंच कशाला घेऊन बसायचं, माणूस सगळ्याच बाबतीत तसा. हातचं राखल्याशिवाय मास्टरांनी आयुष्यात काही केलं नाही. तरुणपणी शेजारच्या मशीनवर बसणारा उंच्या, त्यांचा जिवाभावाचा दोस्त, दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकायला निघाला. "कापायचं तू, शिवायचं मी. येतोस?" असं त्याने सरळ विचारलं. मास्टर म्हणाले, "विचार करून कळवतो." नाही म्हटलं नाही. पुढेमागे हो म्हणायला जागा राहावी, एवढाच हिशेब. उंच्याने बरीच वाट पाहिली आणि मग दुसरा कटर गाठला. त्यानंतर मास्टरांनी त्याचं नाव कधी काढलं नाही; पण बाहेरगावी शिवलेला एखादा कोट दुरुस्तीला आला की ते आधी आतल्या खिशावरची दुकानाची पट्टी बघत. बघून झालं की उगाच चष्मा पुसत. हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तिला सगळंच ठाऊक असायचं.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली.

लेक आतल्या खोलीत त्यांची पँट इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ती दारात आली.

"यात माया कुठाय?"

"नाही ठेवली."

"विसरलीस? एवढी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून कापतेस, आणि बापाच्याच कोटाला विसरलीस?"

"विसरले नाही, बाबा. ठेवली नाही."

मास्टरांनी हसण्यावारी नेलं. "मग उद्या मालकांना नमस्कार कसा करू? हात वर जात नाही माझा."

"बरं झालं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "तेवढंच भाषण आवरतं घ्याल."

उद्या मास्टरांचा दुकानातला शेवटचा दिवस होता. जाणाऱ्या कटरने आपली कात्री येणाऱ्या कटरच्या हातात द्यायची, अशी त्या दुकानाची जुनी पद्धत, आणि उद्या ती कात्री लेकीच्या हातात जायची होती. सगळं ठरलेलं होतं. मास्टरांनीच ठरवलं होतं. पोरीची पोटापाण्याची सोय झाली आणि तीही आपल्या डोळ्यांसमोर, या समाधानात ते गेले काही दिवस जरा ताठच चालत होते. पण आता उसवलेली शिवण हातात धरून लेकीच्या तोंडाकडे बघताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"त्या कपडेपटवाल्या बाई," ते म्हणाले. "त्यांचं काय झालं पुढे?"

त्या बाई दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात नटांचे कपडे शिवून घेण्याचं खातं सांभाळत. कुठल्याशा कामाने दुकानात आल्या होत्या, तेव्हा लेक एक लांब झगा कापत होती. बाई बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "माझ्याकडे ये. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे तुझ्या हातचे कपडे घालतील." त्या दिवशी लेक चपला न काढताच घरात शिरली होती. एका पायावर तयार. "बाबा, जाऊ?" मास्टरांनी चहाची बशी खाली ठेवली. तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून ते मनातून धास्तावले. पण बोलले ते मात्र जाणत्या माणसासारखं. "लगेच हो म्हणू नकोस. आपण काही अडून बसलेलो नाही, हे दिसू दे. थोडी माया ठेव. 'घरी विचारून कळवते' म्हण." लेकीने शब्दाला शब्द तेच सांगितलं होतं. पुढे तिने अधूनमधून विचारलं, "बाबा, काय कळवू?" आणि मास्टर दर वेळी म्हणाले, "घाई काय आहे?" असं ते भिजत घोंगडं पडून राहिलं.

"जागा भरली," लेक म्हणाली.

"कधी?"

"तुमचा कोट कापायला घेतला ना, त्याच्या जरा आधी फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"चांगलं बोलल्या. म्हणाल्या, तुझा हात मला हवा होता गं. पण कळवते म्हणून तू गप्पच झालीस, तेव्हा मी समजले की तुला यायचं नाही. आमच्या नाटकाची तारीख कुणासाठी थांबत नाही."

"असं कसं समजल्या? आपण नाही कुठे म्हटलं होतं?"

"हो तरी कुठे म्हटलं होतं?"

मास्टरांनी कोट मांडीवर घेतला आणि उगाचच अस्तरावरून हात फिरवला. पोरीने आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि कपड्यांना उशीर का झाला ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं बोलत होती.

"कोटात माया ठेवली तर कुणाचं अडत नाही, बाबा. त्यांचं अडलं होतं. माझंही अडलं होतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणाला असतात, दुसरं काहीतरी चालून येईल."

हेच वाक्य मास्टरांच्या अगदी ओठांवर आलेलं होतं. ते त्यांनी गिळलं.

बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. "आता तेही सांगून टाका तिला," ती म्हणाली.

"काय ते?"

"मालकांना शब्द कधी दिलात ते."

मास्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि शेवटी मास्टरच बोलले.

"तू मला विचारलंस ना, जाऊ का म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्यामागे टेबल पोरगी सांभाळेल, असं मालकांना सांगून टाकलं."

"सांगून टाकलं," लेक म्हणाली. "विचार करून कळवतो, असं नाही म्हणालात?"

"नाही."

"तिथे माया नाही ठेवलीत?"

मास्टरांनी ब्लेड खाली ठेवलं. आयुष्यात एकदाच त्यांनी काही हातचं न राखता शब्द दिला होता, आणि तो दुसऱ्याच्या वतीने दिला होता. हे आत्ता, इतक्या उशिरा, त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. शहाणपण कसलं आलंय, ती भीती होती. पोरगी गेली की टेबलाच्या पलीकडे कोण उभं राहणार, संध्याकाळी दुकानातून घरी येताना कुणाशी बोलायचं, ही साधी, पोटातली भीती. त्या भीतीलाच त्यांनी जाणत्या माणसाचा कोट चढवला होता.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू गेलीस की घरात..." ते तिथेच थांबून सुई शोधू लागले.

"द्या, मी शिवून देते," लेक म्हणाली.

"नको. मीच शिवतो."

ती इस्त्रीकडे परत गेली. मास्टरांनी सुईत दोरा ओवला आणि तिच्याच आधीच्या टिपेवर टाके घालायला घेतले. घालता घालता त्यांच्या लक्षात आलं की कापड कुठेही सुताएवढंसुद्धा हललेलं नाही. जिथे कात्री लावायची तिथे तिने लावली होती, मागेपुढे न बघता. असं त्यांना स्वतःला एकदाही जमलं नव्हतं. चूक झाली तर असू दे, म्हणून ते दोन बोटं मागेच थांबत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्च्या मांडल्या. जुनी गिऱ्हाइकं आली, त्यातले काही जण मास्टरांनी सैल करून दिलेल्या कोटांतच. मालकांनी लांबलचक भाषण केलं आणि कोट माणसाबरोबर वाढतो हे आपलं नेहमीचं वाक्य दोनदा ऐकवलं. मास्टर हात अंगाशी धरून उभे होते. लोकांना वाटलं, मास्टर गहिवरलेत. ते खरंही होतं, पण कोटही काखेत धरत होता.

मग कात्री आली. मास्टरांनी ती पात्यांकडून धरली आणि मूठ लेकीकडे केली.

"काय मग, छोट्या मास्टर," मालक म्हणाले. "सोमवारपासून हे टेबल तुझं. हो ना?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. लहानपणापासूनची सवय ती. कुणी काही विचारलं की आधी बापाकडे बघायचं, आणि बापाने मान हलवली की उत्तर द्यायचं. मास्टरांनी नजर कात्रीवर खिळवली. मान त्यांची आपोआप हलू बघत होती. ती त्यांनी मोठ्या कष्टाने जागच्या जागी धरून ठेवली.

लेकीने मालकांकडे वळून पाहिलं.

"विचार करून कळवते," लेक म्हणाली.

सगळे हसले. "घ्या, अगदी मास्टरांची लेक," कुणीतरी म्हणालं, आणि परत हशा झाला. मालकही हसले, पण त्यांचं हसू मध्येच जरा अडखळलं.

मास्टर हसले नाहीत. उंच्याला दिलेलं त्यांचंच उत्तर आज पोरीच्या तोंडून आलं होतं. आपण तिला शिकवलं ते हेच का? की तिने आज पहिल्यांदाच स्वतःपुरता विचार करायचं ठरवलंय? 'घरी विचारून' हे शब्द तिने गाळले होते, एवढं मात्र त्यांनी नीट ऐकलं होतं. काय कळवणार आहेस, असं विचारावंसं त्यांना फार वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, तिच्या हाताशी, पण तिने नाही उचलली तरी चालेल अशी. मग हात वर नेऊन तिच्या डोक्यावर ठेवला. काखेत टर्रकन शिवण गेली. त्या गलक्यात तो आवाज दोघांनाच ऐकू आला.

"बाबा, कोट," ती हळूच म्हणाली.

"असू दे," मास्टर म्हणाले, आणि त्यांनी हात खाली घेतला नाही.