परक्या हातांची हेमांगी

मार्गशीर्षाचे केशरकोवळे ऊन खाडीवर उतरले होते. पाणी जांभळे, वाळू रुपेरी, माडांच्या सावल्या नीलश्यामल. पण हेमांगीला हे सारे काचेपलीकडचे भासे. धूसर, दूर, निःशब्द.

श्रावणात खाडीपार नेणारी तरीची होडी उलटली होती. तीन वर्षांच्या लेकीला, ओवीला, घेऊन हेमांगी काठाला लागली. दोघी वाचल्या. पण हेमांगीचा काठावर आला तो केवळ देह.

तेव्हापासून हात तिचे नव्हते. भात कालवणारे, वेणी घालणारे, कुण्या परकीचे हात. ओवी गळ्यात पडे, आणि तिला वाटे, कुणाचे बरे हे गोजिरे लेकरू? असे वाटल्याचे रडू यावे, तर तेही येत नसे.

सासूने दृष्ट काढली. अखेर नवरा तिला तालुक्याला, मनाच्या डॉक्टर किल्लेदारबाईंकडे घेऊन गेला.

"मी वेडी होतेय का?"

"नाही, हेमांगीताई. भय असह्य झाले की मेंदूच भावनांची वात बारीक करतो. पुढचा मेंदू भीतीच्या केंद्राला दाबून धरतो. तेव्हा त्याने तुम्हाला तारले. आता धोका सरला, पण ते त्याला अजून उमगलेले नाही."

"मग गोळी द्याल?"

"झोपेपुरती. बाकीचे काम बोलण्याचे. सावकाशीचे."

आठवड्यामागून आठवडे ती जात राहिली. तळवे गार फरशीवर टेकवायचे. दिसेल त्याचे नाव घ्यायचे: खिडकी, जास्वंद, घड्याळ. मन दूर निघाले की पुन्हा फरशी, पुन्हा जास्वंद. मग त्या दिवसाचा एकेक क्षण, सोसवेल तेवढाच.

माघातल्या एका दुपारी ती अडखळली. 

"ओवीचा हात माझ्या हातून सुटला होता," ती म्हणाली. "मीच सोडला की काय, ठाऊक नाही."

"मग?"

"मग केस लागले हाताला. केसांना धरून ओढली."

"त्याच हातांनी," बाई हळूच म्हणाल्या.

 हेमांगी तळहात उलटून पाहत राहिली.

फाल्गुन आला. पांगारा अग्निवर्णी फुलला. करवंदीच्या जाळीत धावताना ओवीच्या पायात काटा रुतला. हेमांगीने तो इवला पाय मांडीवर घेतला, काटा उपसला. प्रवाळासारखा रक्ताचा एक थेंब वर आला.

आणि कुठूनसे, खोल खोलवरून, दाटून आले. काटा लेकीच्या तळव्यात, कळ आईच्या काळजात. आणि डोळ्यांतून झरझर, झरझर, उष्ण पाणी.