उतारावरून दाराखाली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाचर आहे. वीतभर लांब, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगते.

मला एका सुताराने घडवलं, ते त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. ती फरशीच्या गोदामात हातगाडी ढकलायची. गोदामापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार होता आणि खाली ट्रक रिकामा होईपर्यंत भरलेली गाडी उतारावरच उभी करावी लागे. सुताराने माझ्या तळाला टायरचं रबर ठोकलं, पाठीवर फुली कोरली आणि बजावलं, "ताई, आधी ही चाकाखाली सार, मगच हात सोड." ताईने तो शिरस्ता कधी मोडला नाही.

रिकामी गाडी तिच्या एका धक्क्याने पळायची. चाळीस खोकी चढली की तेवढ्याच धक्क्याला नुसती कुरकुरायची. वजन जितकं जास्त, तितका वेग द्यायलाही जोर जास्त लागतो आणि थांबवायलाही. उतारावर मात्र कोणाला ढकलावं लागत नाही. तिथे खाली नेणारी ओढ सतत असते आणि ती क्षणाक्षणाला वेग वाढवत नेते. त्या ओढीला मी चाकाखाली बसून तेवढ्याच जोराने अडवायची. बारा वर्षं गाडी जागची हलली नाही, म्हणून बारा वर्षं कोणी माझं नावही घेतलं नाही. न झालेल्या अपघाताचं कौतुक कोण करतो?

मग नवे साहेब आले. त्यांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं.

"मुकादम, ती पाचर इकडे आणा."

"साहेब, मग गाडीला काय लावू?" ताईने विचारलं.

"वीट लाव की एखादी. गाडी काय पळून जाणार आहे?"

मुकादम खो खो हसला. "वीट घसरते, साहेब," ताई म्हणाली, पण तोवर साहेबांनी फोन कानाला लावला होता. मी दाराखाली गेले. तिथून सगळा उतार दिसायचा.

चौथ्या दिवशी कोणीतरी उतार धुतला. ओल्या सिमेंटवर वीट सरकली आणि गाडी मुंगीच्या पावलाने हातभर पुढे आली. तेव्हा मी तिथे असते तर पुरलं असतं. पुढच्या क्षणी ती माणसासारखी चालू लागली, त्याच्या पुढच्या क्षणी धावू लागली. खाली ट्रकचा ड्रायव्हर पाठमोरा उभा होता. त्याच्याजवळ असलेल्या ताईने त्याला बाजूला लोटलं आणि स्वतः गाडी दोन्ही हातांनी थोपवायला गेली. चाळीस खोक्यांपुढे ते हात कुठले पुरणार! ड्रायव्हर वाचला. ताईचा उजवा पाय गेला.

चौकशी झाली. "पाचर लावायचा नियम आहे. बाईने लावली नव्हती," साहेबांनी सांगितलं. मुकादमाने मान डोलावली. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं आणि जाताना ते मलाच ओलांडून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला ओरडता आलं नाही, याची अजून चीड येते. ताईचं काम सुटलं.

महिन्याने सुतार बहिणीचा डबा न्यायला आला. फुली दिसताच तो थबकला. खाली वाकून त्याने मला खसकन ओढून काढलं. दार धाडकन आपटलं.

"अहो, दार आपटतंय!" साहेब आतून ओरडले.

"आपटू द्या. त्याने कुणाचा पाय जात नाही."

आता मी ताईच्या खिडकीत असते, तिच्या कुबड्यांशेजारी. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी लाकूड आहे. पण कोणी चाकाखालची पाचर काढून नेताना दिसला, तर गाडी उभी असतानाच बोला. आणि तो हसला, तर पुन्हा बोला. गाडी धावू लागली की दोन हात पुरत नाहीत.