समाधीवरचे बूट

यंत्र किंचाळलं आणि रत्नव्वाच्या उसाच्या बांधावर जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. लगेच चार पावलं पुढं आली.

"आयला, सोनं बोललं की रं!"

तेव्हा कसबा बावड्यात घरोघर रंगीत टीव्ही आले होते, पण कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय अजून सुटली नव्हती. अशा दिवसांत भूगर्भयोगी उन्मेषनाथ जीपमधून उतरला. अंगात भगवी कफनी, पायांत जाडजूड काळे बूट आणि हातात लांब दांड्याचं यंत्र. दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती.

"मशीन अमेरिकेचं, साधना हिमालयाची!" तो गर्जायचा. "इतरांचं मशीन वीतभर बघतं. माझ्या मंत्राचा करंट तीस फूट खाली जातो!"

रत्नव्वाला मात्र एका जागी उभं राहवेना. बांधावरच मांडलेल्या चुलीवरचा चहा उतू गेला तरी तिला भान नव्हतं. यंत्र ओरडत होतं ते तिच्या नवऱ्याच्या, शिवमूर्तीच्या, समाधीवर. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला इथंच बसवला होता. खोल खड्ड्यात, विभूती-बेलाच्या राशीत. त्याची लिंगाची चांदीची डबी तिनं स्वतः त्याच्या तळहातावर ठेवली होती. अख्ख्या भावकीनं ते पाहिलं होतं.

"सात कढया सोनं," उन्मेषनाथ डोळे मिटून म्हणाला. "वर तुझे वडील राखणीला बसलेत, प्रभुलिंग. उद्या अमावास्येला त्यांना हलवावं लागेल."

"हलवायचं म्हंजे?" रत्नव्वा ओरडली.

"अव्वा, तू गप की जरा," तिचा लेक प्रभुलिंग म्हणाला. यंत्राच्या दक्षिणेपायी त्यानं दुभती म्हैस बाजाराला काढली होती.

"गप कशी बसू? पेटारा न्हाय पुरलेला तिथं, तुझा बा बसलाय! पयली कुदळ त्यांच्या टकुऱ्यात बसंल!"

"सोनं घावलं की संगमरवरी समाधी बांधा, आक्का," शेजारची बनाबाई म्हणाली. तिचे डोळे सोन्यावरच होते.

रत्नव्वा तडक नव्या वसाहतीतल्या सरोजिनीबाईंकडे गेली. बाई हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भांडून उपयोग नाही. जमिनीतलं दिसतं म्हणतो ना? मग काय पुरलंय ते आपल्याला ठाऊक असेल, अशा ठिकाणी त्याला आधी शोधू दे."

सकाळी माणसं जमायच्या आत तालमीतल्या सयाजीनं मोकळ्या रानात कमरेइतके तीन खड्डे काढले. एकात रत्नव्वाचा तांब्याचा हंडा ठेवला आणि तिन्ही बुजवून सारखे केले. बाजूला वीतभर खोल एक पितळी तांब्याही पुरला.

उन्मेषनाथ आल्यावर बाईंनी भर गर्दीत त्याला पुरलेलं शोधून दाखवायला सांगितलं. तांब्यावर चकती येताच यंत्र ओरडलं. टाळ्या पडल्या. "बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "यंत्र खरं आहे. वीतभर खोलीवरचं त्याला कळतं. आता हंडा शोधा."

उन्मेषनाथ तिन्ही जागांवरून फिरला. मधल्या जागी थांबला, पुटपुटला आणि यंत्र किंचाळलं. सयाजीनं उकरलं. माती निघाली, मुरूम निघाला, एक गांडूळ निघालं.

"हंडा पलीकडच्या खड्ड्यात आहे," बाई म्हणाल्या.

"धन चालतं, बाई! आत्ताच सरकलं!"

"हंड्याला पाय फुटलं व्हय, म्हाराज?" गर्दीतला ज्ञानू ओरडला. माणसं फिदीफिदी हसली.

"तांबं राहू द्या, सोनं दाखवतो!" असं म्हणत तो तरातरा समाधीकडे गेला आणि चौथऱ्यावर पाय टाकू लागला.

"पायताण काढा!" रत्नव्वा आडवी झाली. "काल गडबडीत मी बोलले न्हाय. आज चढू देणार न्हाय."

"बूट काढले तर करंट जमिनीत उतरेल!"

"मग उतरू दे की! सोनं जमिनीतच हाय न्हवं?"

उन्मेषनाथानं प्रभुलिंगकडे पाहिलं. प्रभुलिंग त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत होता. मान खाली घालून तो म्हणाला, "काढा, म्हाराज. माझा बा बसलाय तिथं."

बूट निघाले. अनवाणी उन्मेषनाथानं समाधीवर चकती फिरवली. पुन्हा फिरवली. यंत्र मुकं.

सरोजिनीबाईंनी त्याच्या हातातला दांडा घेतला आणि चकती बुटाच्या टोकाशी नेली. यंत्र असं किंचाळलं की बनाबाईनं कानावर हात ठेवले. सयाजीनं चामडं उसवलं, तर आत लोखंडी पत्रा!

"आवाज हवा तिथं चकती पायाशी आणायची, एवढीच ह्याची साधना," बाई म्हणाल्या. "आणि एक बघा. ह्या समाधीत चांदीची डबी आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तीसुद्धा यंत्राला दिसली नाही, इतकी ती खोल आहे. मग तीस फुटांवरच्या कढया कुठून दिसणार? कुणी चमत्कार सांगितला तर जरूर ऐका. पण पारख आपण मांडलेली असू द्या, त्यानं मांडलेली नको. आणि पारख होईपर्यंत कुदळ उचलू नका."

उन्मेषनाथ अनवाणीच जीपकडे पळाला. ढेकळं त्याच्या पायांना टोचत होती.

प्रभुलिंगनं समाधीला टेकवून ठेवलेली कुदळ उचलली. रत्नव्वा त्याला अडवायला पुढं धावली. पण तो रानात गेला, पलीकडचा खड्डा उकरू लागला आणि थोड्या वेळानं मातीनं माखलेला हंडा आईपुढं ठेवून उभा राहिला.

"जिथं ठेवलेला तिथंच हुता, अव्वा."

"व्हय रं," ती म्हणाली. "आण, धुऊन पाणी भरते."