पडद्यावरचा बाण

बाहीवर पांढरी भुकटी, भिंगं घासायच्या चाकावरची.

जिन्यात पावलं. दारापाशी न थांबता वरच्या मजल्यावर गेलेली.

कुंडीतल्या एकाच फुलाचा फोटो, पुन्हा साठवलेला, पुन्हा, पुन्हा.

पडद्यावर एक बाण. माउसला कुणाचा हात नाही, तरी चाललेला.

चष्म्याच्या दुकानातून ती आज लवकर सुटून आली होती, डोकं दुखतंय म्हणून. डोकं ठणठणीत होतं. मुलानं दिलेल्या वेळेला कॉम्प्युटर लावून ती हात मांडीवर घेऊन बसली. मुलगा दूरच्या शहरातून असाच यायचा: कानाशी आवाज, पडद्यावर बाण. बाण कोपऱ्यात जाई, थबके, एखादी खिडकी उघडून आत डोकावे. तो घरभर हिंडतोय असं तिला वाटे. पण तो यायचा तर आधी कॉम्प्युटर रखडायला हवा. म्हणून महिनाभर ती त्या फुलाच्या प्रतींवर प्रती काढून डिस्क भरत राही.

"आई, इतका कचरा येतो कुठून तुझ्याकडे?"

"मी एकटी बाई. मी किती कचरा करणार?"

"ते दिसतंयच. आज सफाईचं सॉफ्टवेअरच टाकतोय. दर रविवारी आपोआप साफ होईल. तुझी कटकट मिटली."

"माझी कसली रे कटकट."

फोनमध्ये हॉर्न वाजला. बाण 'दर रविवारी' लिहिलेल्या चौकटीपाशी गेला आणि तिथे बरोबरची खूण उमटली.

"कुठे आहेस तू?"

"गाडी चालवतोय. साहेबांनी पिटाळलंय."

बाण चालतच होता.

"मग हे कोण करतंय?"

"आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटरवाले. नेहमी तेच करतात ना. मला कुठे जमतंय यातलं? बरं, सिग्नल सुटला. ठेवतो."

ती बाही झाडत राहिली. भुकटी केव्हाच गेली होती. मग परक्या माणसासमोर बसावं तशी सावरून बसली, केस कानामागे घेतले. बाण अजून आत होता. इकडची फाईल उघडत होता, तिकडची मिटत होता.

तिनं नोटपॅड उघडलं आणि एका बोटानं लिहिलं, 'जेवलात का?'

बाण थांबला. मग तिच्या ओळीखाली अक्षरं उमटू लागली.

'डबा उघडलाच होता. मावशी, फूल छान आहे. पण एकच फोटो इतक्यांदा का ठेवता?'

तिची कानशिलं तापली.

'चुकून होतं.'

'दर महिन्याला चुकून होतं.'

ती हसली. रिकाम्या खोलीत ते हसणं तिचं तिलाच मोठं वाटलं.

'रविवारचं आपोआप चालू ठेवू ना?'

फोन बाजूला उताणा पडला होता, काळा.

'नको,' तिनं लिहिलं. 'अडलं की मी सांगेन. तुम्हीच या.'

'बरं,' उत्तर आलं. चौकटीतली खूण निघाली.

मुलगा स्वतः या कॉम्प्युटरवर एकदाच बसला होता, नवा घरी आणला त्या दिवशी. वायरी जोडून झाल्यावर उठून त्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली होती.