वर म्हणजे कुठं

आमच्या कलामा गावात ‘वर’ म्हणजे तांब्याची खाण. नवरा कुठं गेलाय? वर. पोरगं कुठं लागलं? वर. त्यामुळे माझा नवरा एलिएसर खाटेवरून म्हणाला, “म्हातारे, एकदा वर जाऊन यावंसं वाटतंय,” तेव्हा मी कपाळाला हात लावला. जन्मभर तांब्याची धूळ खाऊन छातीचं खोकं झालं, तरी याला खाणीची ओढ!

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “एकदा काय ते हिंडवून आणा. मग घराबाहेर न्यायचं नाव काढू नका.” मी फाटकावर ओळखीपाळखी काढल्या, हातापाया पडले, आणि खाणीच्या जुन्या वस्तीत जायची परवानगी मिळवली. रोज पहाटे मी पर्यटकांना व्हॅनमधून तातिओला नेते, वाफेची कारंजी दाखवायला. त्या दिवशी ती फेरी उरकून आले, कंबरेचे तुकडे पडले होते, तरी त्याला गाडीत बसवलं आणि ऑक्सिजनचं नळकांडं मांडीवर दिलं.

वस्तीत चिटपाखरू नव्हतं. खाणीच्या मातीचा ढिगारा आमच्या जुन्या घराच्या परसापर्यंत आला होता.

“घे बघून डोळे भरून,” मी म्हणाले.

“इथं कशाला आणलंस?”

“अगं आई गं! तूच म्हणालास ना, वर जायचंय?”

“तू रोज जातेस ते वर, बाई. तातिओ. हे भोक काय बघायचं? मीच तर खणलंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तातिओ कितीतरी उंचावर, आणि त्याचे ओठ तर इथंच काळेनिळे पडले होते. एकुलती एक फेरी मी मातीत घातली.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “कसं असतं ते सांग तरी.”

“वाफ असते.”

“ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुढं?”

पुढं मला काही येईना. लोकांना उतरवलं की मी घोंगडी ओढून सीटवर आडवी होते. कित्येक वर्षांत खाली पायच ठेवलेला नाही. तसं सांगितलं आणि रडूच फुटलं.

तो हसता हसता खोकला. “म्हणजे तूही वर झोपायलाच जातेस! मीही डंपरमागं झोपायचो. उद्या जागी राहा. माझ्यासाठी बघ.”

दुसऱ्या दिवशी मी शपथ घालून घेतली स्वतःला. लोक उतरले. म्हटलं, जरा पाठ टेकते, दोन मिनिटं. काचेवर थाप पडली तेव्हा ऊन आलं होतं आणि वाफ विरून गेली होती. परतताना मागच्या बाईंना विचारलं, “कसं होतं हो?” त्या सांगत गेल्या, मी पाठ करत गेले.

घरी तो उशीला टेकून बसला होता, केसबीस विंचरून. मी सगळं सांगितलं. जमीन कशी गुरगुरते, वाफेत शेजारचा माणूस कसा दिसेनासा होतो, पहिलं ऊन पडलं की सगळं कसं गुलाबी होतं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग हात पुढं करून माझा गाल चाचपला.

“छान सांगितलंस,” तो म्हणाला. “पण घोंगडीचे वळ आहेत गालावर. ये, झोप जरा.”