गुलाबी कड

इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर मी एकतीस वर्षं देखरेख केली. रोजची चारशे ताटं. ताट वॉर्डात जाण्याआधी मांसाचा एक तुकडा सुरीनं कापायचा, उजेडात धरायचा आणि आत गुलाबी दिसला तर अख्खं पातेलं परत पाठवायचं, हा माझा नियम. कुणाची भीडभाड ठेवली नाही. आजारी माणसाच्या पोटात कच्चं गेलं तर ते पाप कुणाच्या माथी? आणि जेवण चांगलं झालं तर मी एवढंच म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." त्यापुढे कौतुकाचा एक शब्द नाही. पण तेवढं ऐकायला स्वयंपाकी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

निवृत्त झाले तरी जित्याची खोड जाते थोडीच. घरातही मी प्रत्येक तुकडा उजेडात धरते, आणि माझी पाच वर्षांची नात शेजारी बसून तेच करते.

माझ्या जावयाच्या सहा वर्षांत तीन नोकऱ्या सुटल्या. माणूस वाईट नाही, पण तोंडात जीभ नाही. कुणी चढून बोललं की खाली बघतो. लेक, नात आणि तो, तिघंही माझ्या दोन खोल्यांत राहतात, आणि आम्ही चौघंही एकमेकांना सांभाळून घेऊन थकलो होतो. चौथी नोकरी लागली ती बार्बेक्यूच्या एका बड्या रेस्टॉरंटात. रात्री दहाला घर सोडायचा. परत यायचा तेव्हा कपड्यांना असा धुराचा वास असायचा, की मी ते गॅलरीच्या पार टोकाला टांगायला लावायचे. तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणायचे आणि पाठीमागे धुरांडं. काय काम करता म्हणून विचारलं, तर म्हणाला, "भट्टी बघतो, आई." मी समजले, लाकडं सरकवत असेल. मांस शिजवणारा कुणी दुसराच असणार, उंच टोपीतला.

तीन महिने त्याला तात्पुरतं ठेवलं होतं. त्या रविवारी मुदत संपत होती. दुपारची गर्दी ओसरली की मालक कायम करायचं की नाही ते सांगणार होता. कायम झाला तर ती दोघं वेगळी खोली बघणार होती. हे ऐकल्या क्षणी लेकीनं ठरवलं, त्या दिवशी आपण तिथंच जेवायला जायचं. दारात शिरताना तिनं माझा दंड धरला. "आई, आज काही बोलायचं नाही हं. त्याचं सगळं आजच्या दिवसावर अवलंबून आहे."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हणाले.

जागा मोठी झोकात होती. भिंतींना मुद्दाम गिलावा केला नव्हता. बसायला लाकडी बाकडी, पण मांडीवर घ्यायला इस्त्रीचे जाड रुमाल. लोक चपला-सँडलमध्ये आले होते आणि त्या चपला माझ्या लग्नातल्या शालूपेक्षा महाग दिसत होत्या. मेनूकार्ड पाटीएवढं जड. चष्मा पर्समध्ये तळाला होता, म्हणून मी ते उघडलंच नाही. मागच्या काचेतून भट्टीचं काळं लोखंडी दार दिसत होतं. जावई आमच्याकडे पाठ करून आत काहीतरी चाचपत होता. नातीनं हात हलवला, पण त्यानं पाहिलं नाही.

वेटरनं लाकडी फळीवर मांस आणलं. छातीचं मांस, जाड काप, वरून कोळशासारखं काळं. नातीला हात धुवायचे होते, म्हणून लेक तिला घेऊन आत गेली. मी एकटीच होते. सवयीनं सुरी घेतली, एक काप मधोमध कापला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

काळ्या सालीच्या आत बोटभर गुलाबी कड. चांगली लालसर गुलाबी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा थाट, एवढे रुमाल, आणि लोकांना कच्चं खायला घालतात! त्यातच मनात आलं, बरंच आहे. त्या टोपीवाल्याची चूक मालकाच्या डोळ्यांपुढं आली तर आपल्या धुरांड्याला वर सरकायला जागा होईल. एका दगडात दोन पक्षी मारायला निघाले होते मी.

"ओ, इकडे या!" मी वेटरला हाक मारली. माझा आवाज वॉर्डात कमावलेला आहे, तो एका टेबलापाशी थांबत नाही. "हे कच्चं आहे. बघा, आतून गुलाबी आहे. लहान मूल आहे माझ्याबरोबर. परत घेऊन जा!"

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं आपला काप उलटून पाहिला आणि फळी पुढं ढकलली. "खरंच की, आमचंही गुलाबी आहे." पलीकडच्या दोघी बायकांनी काटे खाली ठेवले. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

मालक लगबगीनं आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. "माफ करा, मॅडम. तुमचं अगदी बरोबर आहे. असं व्हायला नको होतं." त्यानं मांसाकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेकडे वळून चुटकी वाजवली. "बाहेर ये जरा."

आणि बाहेर आला तो माझा जावई.

हात कोपरापर्यंत काळे, डोळे धुरानं लाल. त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तू केलंस ना?" मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या महिन्यातलं हे तिसरं परत आलेलं ताट. तीन ताटं परत आली तर नोकरी नाही, असं आपलं ठरलं होतं. मॅडमची माफी माग, आणि मग आत जाऊन आवरायला घे."

जावयानं एकदाही सांगितलं नाही, की या माझ्या सासूबाई आहेत. भरल्या हॉलमध्ये माझी शोभा होऊ नये म्हणून असणार. मान खाली घालून तो म्हणाला, "माफ करा, बाई."

सहा वर्षांत त्यानं मला आईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

तेवढ्यात लेक नातीला घेऊन आली. तिनं नवऱ्याला पाहिलं, फळी पाहिली, माझ्या हातातली सुरी पाहिली आणि तिला सगळं कळलं. "आई! अगं काय केलंस हे? ती कड धुराची आहे! चौदा तास धुरात ठेवलं की अशी कड येते. ती आली तरच मांस जमलं म्हणतात. इथं लिहिलंय बघ!" तिनं मेनूकार्ड माझ्यापुढं आपटलं. खाली, बारीक अक्षरांत, मालकाच्या नावासकट ते छापलेलं होतं. आमची गुलाबी कड, आमचा अभिमान.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला खरा संताप आला तो त्यानंतर. मी चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली आणि उभी राहिले.

"हे तुम्हीच छापलंत ना?"

"हो, म्हणजे..."

"मग हे मांस बरोबर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी अडाणी, म्हणून ओरडले. तुम्ही ठाऊक असून या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावलीत?"

"मॅडम, गिऱ्हाइकाला चुकीचं कशाला ठरवायचं?" तो हसला. "आपल्याकडे तशी पद्धतच नाही."

"मी गिऱ्हाईक नाही. मी याची सासू आहे."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! घरचीच माणसं! मग हे ताट परत आलेलं धरायलाच नको." जावयाच्या खांद्यावर थाप मारत तो म्हणाला, "चल, तू कायम. खूश?"

लेकीनं सुटकेचा निःश्वास सोडला. मीही गप्प बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण शेजारच्या टेबलावरची फळी तशीच दूर सरकवलेली होती. त्या दोघी बायका अजून नाक मुरडत होत्या.

"आता या लोकांना सांगा," मी म्हणाले. "मांस शिजलेलं आहे, आणि उत्तम शिजलेलं आहे, असं मोठ्यानं सांगा. जेवढ्या मोठ्यानं त्याला माफी मागायला लावलीत तेवढ्या मोठ्यानं."

"कशाला वाढवता, मॅडम? त्यांना दुसरं काहीतरी देऊ. ताट काय, परत येतंच असतं."

जावई इतका वेळ खाली बघत होता. आता त्यानं मान वर केली. शेजारच्या टेबलावरची फळी उचलली, एक काप दोन बोटांत धरून हलकेच वाकवला. तो तुटला नाही, नुसता लवला. मग दोन्हीकडून अलगद ओढला, तेव्हा शिवण उसवावी तसा सुटला. "कच्चं असतं तर असं सुटलं नसतं, साहेब," तो त्या गृहस्थाला म्हणाला. मग मालकाकडे वळला. "नात्यागोत्यावरून मला कायम करू नका. यांना माहीत नव्हतं. तुम्ही मात्र चव न घेता मला चुकीचा ठरवलंत."

त्यानं अ‍ॅप्रनची गाठ सोडली, नीट घडी घातली, बाकड्यावर ठेवली आणि दारातून बाहेर पडला. लेक नातीला कडेवर घेऊन त्याच्यामागं धावली.

"बघा," मालक मला म्हणाला, "आता तुम्हीच समजवा त्याला."

"तुम्ही चवही घेतली नाहीत," मी म्हणाले. "त्याचे चौदा तास, आणि तुम्ही एक घाससुद्धा..." आणखी बरंच बोलणार होते. पर्स काखेत मारून मी तरातरा बाहेर आले.

तो पायरीवर बसला होता. लेक त्याच्याशेजारी, नातीला मांडीवर घेऊन. मला पाहून तो सवयीनं उठायला लागला. मी म्हणाले, "बसा हो." चौथी नोकरी गेली होती, आणि ती माझ्या जिभेनं गेली होती. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानं एवढंच विचारलं, "कसं झालं होतं, आई?"

मालकाला इतकं सुनावून आले होते, पण मी तरी कुठं चाखलं होतं? कापलं होतं, उजेडात धरलं होतं, आणि ओरडले होते.

मी परत आत गेले. फळी अजून टेबलावर तशीच होती. मालक काउंटरमागून बघत होता, बघू दे. उभ्यानंच मी एक तुकडा तोंडात टाकला. गार झाला होता, तरी दात लावायचं काम पडलं नाही. सालीत मिरी आणि मीठ, आत कडेला तो धूर. ज्या धुराचे कपडे मी सहा हात लांब टांगायला लावले होते, तोच. एकतीस वर्षांत माझ्या स्वयंपाकघरातून असं एकही ताट गेलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, माझाच. उरलेले काप मी त्या इस्त्रीच्या रुमालात बांधले. अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणाले.

त्याला त्या तीन शब्दांची किंमत माहीत होती, लेकीनं कधीतरी सांगितली असणार. त्यानं काळ्या हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि मांडीवर रुमाल उघडला. नातीनं हात घालून एक तुकडा उचलला. तोंडात टाकण्याआधी तिनं डोळे बारीक केले आणि तो वर, उजेडात धरला.

मी तिचा हात खाली घेतला. "बघू नकोस," मी म्हणाले. "खा आधी."