पुढच्या पेटीतलं वजन

घराला चाकं लावली म्हणून त्याचं वाहन होत नाही, आणि वाहनात पलंग टाकला म्हणून त्याचं घर होत नाही. या दोन नकारांच्या मध्ये जे उरतं, ते मी. मोटारीमागून ओढत न्यायचा ट्रेलर. मला स्वतःचं इंजिन नाही, स्वतःचा पत्ता नाही. बोलायला मात्र कुणाची हरकत नसावी.

माझा जन्म इंडियानातला. तिथल्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ माणसं आमिश पंथाची. ती स्वतः मोटार बाळगत नाहीत. सायकलवरून येतात, लोकांच्या सहलींसाठी घरं ठोकतात आणि सायकलवरून परत जातात. मला ठोकणाऱ्या दाढीवाल्यानं जन्मात सहल केली नसेल. हात झपाट्याचा होता. त्या झपाट्यात माझ्या एका कपाटाचं दार उलटं बसलं, ते अजून उलटंच उघडतं.

मला विकत घेतलं ते वेंडेल रासमुसेननं. मिनेसोटातल्या एका लहान गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयातून तो नुकताच निवृत्त झाला होता. चाळीस वर्षं खुर्चीत बसून काढल्यावर माणसाला निसर्गाची ओढ लागते, तशी त्याला लागली होती. "आता साधं राहायचं," असं तो दुकानात विक्रेत्याला म्हणाला. मग त्या साधेपणासाठी त्यानं टीव्ही घेतला, मायक्रोवेव्ह घेतला, बाहेर पसरायचं छत घेतलं आणि छताखाली घालायला गवतासारखं दिसणारं जाजम घेतलं. खरं गवत त्या जाजमाखाली पिवळं पडायचं.

त्याची बायको आर्डिस. तिला निसर्गाचं विशेष कौतुक नव्हतं, पण नवऱ्याला एकटं सोडलं तर तो डब्यातलं सूप थंडच पितो हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती यायची, आणि येताना अर्धं घर घेऊन यायची. माझ्या पुढच्या टोकाला पलंग आहे, पलंगाखाली बाहेरून उघडणारी मोठी पेटी आहे. ती पेटी आर्डिसची. तिच्यात शिवणयंत्र, बिडाचे तवे, बिटाच्या आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, पीचच्या फोडींच्या बरण्या, आणि या सगळ्यांना धक्का लागू नये म्हणून जाड गोधड्या.

"आर्डिस, आपण सहलीला चाललोय, गाव सोडून नाही," वेंडेल दर वर्षी म्हणायचा.

"तू गाडी चालव. सामानाचं मी बघते."

"अगं पण शिवणयंत्र? डोंगरात हरणांना झबली शिवणार आहेस?"

"चाकं बघायला वाकलास की चड्डी तुझी उसवते, वेंडेल. हरणांची नाही उसवत."

यावर तो काही बोलायचा नाही, कारण तेव्हा तो बहुधा वाकलेलाच असायचा.

ट्रेलर उभे करायच्या तळावर पोचलो की मोठा तमाशा. मला उलटं रेटत दोन झाडांच्या मधल्या जागेत बसवायचं म्हणजे सुईत दोरा ओवायचा, आणि तोही आरशात बघून. या देशात तळावरचे शेजारी त्या वेळी खुर्च्या वळवून घेतात, बिअरचे डबे उघडतात आणि नव्यानं आलेलं जोडपं किती भांडतं ते बघत बसतात. उद्या आपल्यावरही हीच पाळी आहे, हे विसरून बघतात.

"डावीकडे घे!" आर्डिस मागून हात हलवायची.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"झाडाकडे नको, एवढंच बघ!"

"कुठल्या झाडाकडे?"

"ज्याला आत्ता लागलास त्या!"

खुर्च्यांमधून टाळ्या. माझ्या कोपऱ्यावर पोचा. रात्रीच्या जेवणाला ते दोघं पुन्हा एकमेकांशी बोलायचे, आणि टाळ्या वाजवणारे शेजारी मक्याची कणसं घेऊन आमच्याच छताखाली यायचे.

वेंडेलनं माझी निगा मात्र उत्तम राखली, हे नाकारणार नाही. थंडी पडायच्या आधी माझ्या नळांतलं सगळं पाणी काढून त्यात न गोठणारं गुलाबी औषध भरायचा. छतावर रांगत जाऊन सांधे लुकणानं बुजवायचा. चाकं काढून आत ग्रीस भरायचा. रबराचे हातमोजे घालून माझ्या पोटातली सांडपाण्याची टाकी रिकामी करताना या माणसाच्या चेहऱ्यावर जी भक्ती असायची, ती तो रविवारी चर्चला निघाला की मला कधी दिसली नाही.

मग एका थंडीत आर्डिस गेली. ट्रेलरला असं कुणी येऊन सांगत नाही. मी गॅरेजशेजारी बर्फात उभा होतो. एके दिवशी अंगणात मोटारींची गर्दी झाली, आणि दुपारी वेंडेल काळ्या सुटात माझं दार उघडून आत आला. आत इतकी थंडी होती की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. कुणा शेजारणीनं भाजून आणलेला बटाटा-खिमा त्यानं ताटलीत घेतला होता. ओव्हरकोट न काढता तो माझ्या टेबलापाशी बसला आणि घर भरलेलं असताना इथे एकटा थंड खिमा जेवला. शेवटचा घास झाल्यावर त्यानं ताटली धुवायला नळ सोडला. नळातून गुलाबी औषध आलं. त्यानं नळ बंद केला आणि ताटली तशीच उष्टी घेऊन गेला.

वसंत आला, उन्हाळा आला. आम्ही कुठेच गेलो नाही. वेंडेल माझी सुधारणा करत बसला. छतावर सूर्यावर चालणारं पॅनेल आलं. जुने दिवे गेले, नवे आले. गादी बदलली. मागे बघायचा कॅमेरा आला, म्हणजे आता झाडं दाखवायला कुणी नको. लग्नाच्या मुलीला दागिन्यांवर दागिने करावेत आणि स्थळ मात्र पाहू नये, तसं माझं झालं होतं.

त्याची मुलगी क्रिस्टा मिनीॲपोलिसहून यायची. ती एकदा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, किती वेळा नवा करणार याला? वापरा, नाहीतर विका. आणि आमच्याकडे राहायला या."

"वापरणारच आहे."

"कधी? एकटे?"

"तुझी आई काय गाडी ओढायची? ओढायची ती पिकअपच ना?"

क्रिस्टानं कमरेवरचे हात काढले. हळू आवाजात म्हणाली, "ठीक आहे. साउथ डकोटात ब्लॅक हिल्सच्या डोंगरांपर्यंत जाऊन दाखवा. नीट गेलात, नीट आलात, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर हा विकायचा आणि तुम्ही आमच्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल."

माझं आणि त्याचं काय होणार, हे त्या एका शब्दावर ठरलं.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं पुढची पेटी उघडली. शिवणयंत्र चर्चच्या विक्रीला दिलं, तवे क्रिस्टाला, बरण्या शेजारणींना. गोधड्या तो एकेक करून घरात घेऊन गेला, त्यांचं काय केलं मला ठाऊक नाही. मग माझ्या मागच्या टोकाला त्यानं लोखंडी फळी बसवली आणि तिच्यावर जनित्र आणि जादा बॅटऱ्या आवळल्या. हात झटकून म्हणाला, "चला. हलका झाला गडी."

तिथेच चुकलं. माझ्यासारख्याचं पुढचं टोक जड हवं. पिकअपच्या मागच्या आकड्यावर माझा थोडा भार टेकला, तरच मी सरळ चालतो. शेपूट जड झालं की मी कुत्र्यासारखा ते हलवू लागतो. आर्डिसला हे माहीत होतं असं मुळीच नाही. पेटी मोठी होती म्हणून ती तिच्यात सामान कोंबायची. वेंडेलला पुस्तकातून माहीत असावं, पण इतकी वर्षं कधी त्याची गरजच पडली नव्हती. तिच्या पसाऱ्यानं मला जमिनीवर धरून ठेवलं होतं, आणि त्या पसाऱ्याला तो सगळी वर्षं हसत आला होता.

साउथ डकोटाच्या सपाट रानात वायव्येचा वारा होता. तरी दुपारपर्यंत निभावलं. मिझुरी नदीकडे महामार्ग लांबलचक उतरतो, तिथे एक मालवाहू ट्रक शेजारून जोरात गेला आणि त्याच्या वाऱ्यानं माझं शेपूट एका बाजूला ढकललं. ते परत आलं, आणि पलीकडे जास्त गेलं. मग अलीकडे त्याहून जास्त. मला थांबता येत नव्हतं. ज्यानं मला सुनं पडू दिलं नाही, त्याच माणसाला मी रस्त्यावरून फरपटत होतो. त्यानं घाबरून ब्रेक दाबला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर चढायलाच निघालो. माझं एक चाक उचललं गेलं. मग कुठूनसं त्याला सुचलं. त्यानं ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंगजवळच्या दट्ट्यानं फक्त माझ्या चाकांचे ब्रेक आवळले. माझी चाकं किंचाळली. आकड्याला ताण बसला. मी सरळ झालो.

कडेला थांबल्यावर तो पुष्कळ वेळ उतरलाच नाही. मग उतरला. त्यानं मागे जाऊन जनित्र पाहिलं, मग पुढे आला आणि पेटीचं दार उघडलं. आत काही नव्हतं. त्यानं आत हात घालून तळ चाचपला.

"शिवणयंत्र," तो म्हणाला. एवढंच.

गोगलगायीच्या चालीनं आम्ही नदी ओलांडली आणि पलीकडच्या तळावर पोचलो. तळ चालवणारी जेनीन नावाची दणकट बाई आहे. तिनं मला बघितलं, त्याचा चेहरा बघितला आणि विचारायच्या आधीच ओळखलं.

"डोलला ना? शेपटावर एवढं ओझं लादल्यावर काय आरती करेल तुमची? ते काढा आणि पुढच्या पेटीत टाका. नाहीतर नदीकाठचे दगड भरा, फुकट आहेत."

"दगड?" वेंडेल म्हणाला. "बायकोच्या जागेवर दगड भरले तर ती मला वर गेल्यावर सोडायची नाही."

बोलून तो हसला. जेनीनही हसली. मग तो हसायचा थांबला, आणि ती नळाचं तोंड तपासायला निघून गेली.

तो दोन दिवस राहिला. बॅटऱ्या हलवल्या असत्या तर ब्लॅक हिल्स काही लांब नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या पायरीवर बसून क्रिस्टाला फोन लावला.

"पोचलात का बाबा? कसा चालतोय?"

"उत्तम चालतोय."

"बघा! मी उगाच घाबरत होते."

"विकतोय त्याला, क्रिस्टा."

"का? काय झालं?"

"काही नाही गं. वारा होता."

जेनीनला मासेमाऱ्यांना भाड्यानं द्यायला एक खोली हवीच होती. व्यवहार पाच मिनिटांत झाला. पण ताबा द्यायला वेंडेलनं अख्खी दुपार घेतली. छतावर नेऊन सांधे दाखवले. औषध कुठल्या नळातून भरायचं ते दाखवलं. कपाटाचं दार उलटं उघडतं, जोर लावू नका, असं तीनदा सांगितलं.

"अहो, मी तळ चालवते, पाळणाघर नाही," जेनीन म्हणाली. तरी तिसऱ्यांदाही मान डोलावली.

आता माझी चाकं काढली आहेत. मी सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा आहे, आणि खालून वारा येऊ नये म्हणून कडेनं फळ्या ठोकल्या आहेत. मासेमारे येतात, बूट न काढता गादीवर चढतात, न पकडलेल्या माशांच्या गप्पा मारतात आणि जातात. हिवाळ्यात तर कुणीच येत नाही. जेनीन सांधे बुजवते, तक्रारीला जागा नाही. आता मी कुठे जात नाही, म्हणजे एकदाचं घर झालो म्हणायचं. घरात कुणी राहत नाही, एवढंच.

वेंडेल निघाला तो क्षण तेवढा सांगतो आणि थांबतो. आयुष्यभर मी त्याच्या पिकअपचं मागचं फळकूट पाहत आलो, पण ते कायम माझ्या नाकाला टेकलेलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा लहान लहान होत जाताना पाहिलं. मला ओढताना मागचं दिसावं म्हणून पिकअपचे आरसे दोन्ही बाजूंना लांब ओढून काढावे लागतात. मागे काही नसलं की ते आत सारतात, नाहीतर वाऱ्यात थरथरतात. त्यानं ते आत सारले नाहीत. दोन्ही हात पसरल्यासारखे ते तसेच बाहेर होते, आणि पुलावर चढेपर्यंत तसेच राहिले.

तुम्ही कधी मिनेसोटाच्या बाजूला गेलात आणि एक म्हातारा मागे काहीही नसताना रुंद आरसे काढून, हळू, डाव्या-उजव्या आरशात बघत चाललेला दिसला, तर कृपा करून मागून हॉर्न वाजवू नका. मागे कुणी नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याला बघू द्या.